पळीभर तेल

खानदेशात एके काळी शहामृगे होती. केळी, कापूस, भरताची वांगी आणि मे महिन्यातले ऊन एवढ्यावर ज्याची आपल्या मुलखाशी ओळख संपते, त्याला ही थाप वाटेल. पण पुरावा चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावचा आहे. १९७२-७३मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली. काहींचे गोल मणी केलेले होते. आणि एका तुकड्यावर चक्क नक्षी होती: समांतर ओढलेल्या रेघा आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

हे काम सोपे नाही. शहामृगाच्या अंड्याचे कवच जेमतेम दोन मिलिमीटर जाड, वरून गुळगुळीत आणि बाकदार. त्यावर अणकुचीदार दगडाने रेघ ओढायची. हात हलका पडला तर टोक घसरते, जड पडला तर कवचाचा टवका उडतो. मणी करणे त्याहून चिकाटीचे: तुकड्याच्या कडा टिचवून तो गोलसर करायचा, मधोमध भोक पाडायचे, मग बरेच मणी एका दोरीत ओवून सगळ्यांच्या कडा दगडावर एकदम घासायच्या. दक्षिण आफ्रिकेत डीपक्लूफच्या गुहेत अशीच कोरीव कवचे मिळाली आहेत, ती सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीची. अंड्यात पाणी भरून ठेवायची तिथली रीत, आणि नक्षी त्या पाण्याच्या भांड्यांवर. पोट भरण्याशी या रेघांचा काडीचाही संबंध नाही. तरी त्या ओढल्या गेल्या.

मात्र हे टिकावे म्हणून कोणी केले असेल, असे मला वाटत नाही. कवच चुन्याचे, म्हणून मातीत राहिले. त्याच माणसाने लाकडावर, कातड्यावर, स्वतःच्या अंगावर काय काय रंगवले असेल, ते सगळे गेले. अश्मयुगात दगडाचाच सुकाळ होता अशी आपली समजूत होते, कारण आपल्यापर्यंत दगड तेवढा पोहोचला.

मग भीमबेटकासारखी भिंतीवरची चित्रे आपल्याकडे का नाहीत, असे कोणी विचारेल. सातपुड्यापलीकडे, भोपाळजवळ, विंध्याचा वालुकाश्म आहे. ऊनपावसाने त्याच्या कडा आतून पोखरल्या जातात, वर छत आणि खाली कोरडी भिंत तयार होते. १९५७मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांना तिथे चित्रांचे भांडार सापडले. आपला काळा बेसाल्ट असा सोयीचा आसरा सहसा देत नाही. तो छिन्नीने कोरून घ्यावा लागतो. भीमबेटकाच्या चित्रांतल्या तांबड्या रंगात लोहाचा अंश आहे, आणि आपण दिवाळीत तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही त्याच जातीचा. लोखंड गंजून जे व्हायचे ते त्याचे आधीच झालेले असते, म्हणून तो रंग सहसा उडत नाही. अंगणातला गेरू धुऊन जातो तो पाण्याने, उन्हाने नव्हे.

कोरून घेतलेल्या बेसाल्टचा विषय निघाला की अजिंठा आलाच. जिल्हा शेजारचा असला तरी जळगावकर पाहुण्यांना तो घरचाच म्हणून दाखवतो. तिथली चित्रे दगडावर नाहीत. चिखलमाती, तूस, गवत यांचा गिलावा आणि त्यावरचा पातळ चुन्याचा हात, यावर ती उभी आहेत. इतकी नाजूक चीज जपावी म्हणून रॉबर्ट गिलने १८४४ नंतर वर्षानुवर्षे तिथे राहून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी आणून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५च्या आगीत गेल्या, पुन्हा लंडनलाच. पुढे निजामाने इटालियन जाणकार बोलावले. त्यांनी गिलावा सावरला खरा, पण चित्रांवर दिलेला लाखेचा हात कालांतराने पिवळा पडला. एवढ्या उपद्व्यापांतून मूळ चिखलमाती मात्र जागेवर राहिली.

पण आम्हाला या दिवाळी अंकाच्या निमित्ताने बोलायचे आहे ते पुन्हा पाटण्याबद्दल. त्याच गावच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५मध्ये विद्वानांपुढे आणला. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण्याला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दाने दिली. भास्कराचार्य मूळचे इथलेच की नाही यावर विद्वानांचा वाद आहे. चाळीसगावात तो कोणी मनावर घेत नाही.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी, पैशाची गोष्ट आली तेव्हा, तो मराठीत उतरतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून सरकारला जे मिळते ते मठाला द्यावे. जेवढे घाणे चालतात त्या प्रत्येकाने पळीभर तेल द्यावे. श्लोक पंडितांसाठी, हिशेब तेल्यासाठी.

मठ आज नाही. दगडावर लिहून ठेवलेली पळी कधीच वाहायची थांबली. पण ज्या ग्रंथांसाठी हा खटाटोप होता ते जिवंत आहेत. ‘लीलावती’ कोणी दगडात कोरली नव्हती. ती सांगितली गेली, पाठ झाली, पोथ्यांवर उतरली, वाळवीने खाल्ली की नव्या पोथीवर उतरली. १५८७मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने ती फारसीत नेली. हाच फैजी पुढे बादशहाचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी दरबारात बुऱ्हाणपूरला आला होता. तेव्हा पाटण्याचा तो दगड झाडोऱ्यात मुक्याने उभा असेल. दगडाने मठाची आठवण ठेवली, पण गणित टिकवले ते नकला करणाऱ्यांनी. ज्या कारकुनी कष्टांना आपण हसतो त्यांनीच.

या बाबतीत खानदेशाचा हात चांगला आहे. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत देशभर फिरले आणि १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी आईच्या ओव्या वेळीच कागदावर घेतल्या नसत्या, तर १९५२चे बहिणाबाईंचे पुस्तक निघाले नसते, आणि त्या ओव्या जात्याबरोबरच थांबल्या असत्या.

आता आमचे. १९०९मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दरवर्षी हा आतबट्ट्याचा धंदा नेमाने करतो. कागद महिन्यागणिक महागतो. यंदा आम्ही पिवळा न पडणाऱ्या कागदाचे भाव काढले आणि ऐकून गप्प बसलो. त्यामुळे अंक नेहमीच्याच कागदावर आहे. जळगावच्या सराफांपासून आणि डाळमिलवाल्यांपासून दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्यांपर्यंत ज्यांनी जाहिराती दिल्या, त्यांनी आपापल्या घाण्यातले पळीभर तेल आम्हाला दिले आहे. त्यांचे ऋण आम्हाला मान्य आहे. उरलेल्या मंडळींनी थकबाकी कार्तिकीपूर्वी पाठवावी ही विनंती. आणि अंक वाचून झाला की रद्दीवाल्याला घालू नका, गावच्या वाचनालयात द्या. चकलीच्या तेलकट बोटांचे ठसे असले तरी चालतील. ग्रंथपालांशी तसे बोलून ठेवले आहे.