हा वसवसा आहे, दीनदारी नव्हे!

वजू झाला की नाही, या शंकेने माणूस दहा-दहा वेळा हातपाय धुतो. कातडी सोलते, जमातची नमाज चुकते. आणि आपण म्हणतो, ‘किती दीनदार!’ नाहीतर ताबीज बांधतो. मित्रांनो, हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. आजार आहे, उपचाराने आटोक्यात येतो. सोवळ्याच्या नावाखाली हिंदू घरांतही हेच चालतं.

वजूत तीनदा धुणं पुरे, नुसत्या शंकेने वजू तुटत नाही. इमामसाहेब, हे जुम्म्याला सांगा. डॉक्टरसाहेब, ‘नमाज सोडा’ हा इलाज नव्हे. आणि सरकार, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क दिलाय ना? मग डहाणू-तलासरीच्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराचा वार फलकावर ठळक लिहा!

तोवर टेली-मानस १४४१६. फुकट, चोवीस तास. लाजू नका, फोन करा.