बेणणी सगळ्यांनी करावी

भाताची लावणी असली की वाडीतली सगळी माणसे चिखलात उतरतात. पण बेणणी आली की पुरुष म्हणतात, "बघू पुढच्या आठवड्यात." मग एकट्या बायकाच दिवसभर वाकून तण काढतात. हे मला बरोबर वाटत नाही.

मित्रांनो, तण म्हणजे फुकटचा वाटेकरी. आपण भाताला घातलेले खत तेच खाते. सावा तर भाताहून उंच वाढून ऊनही अडवतो. मग भाताला फुटवे कमी येतात. फुटवे कमी तर लोंब्या कमी, आणि लोंब्या कमी तर दाणे कमी. लावणीनंतरचे पहिले ४० दिवस महत्त्वाचे असतात. तेव्हा झालेले नुकसान मागाहून तण काढून भरून येत नाही.

कोवळा सावा अगदी भातासारखा दिसतो. पाते खोडाला मिळते तिथे बघा. भाताला पातळ पांढरी जीभ असते, साव्याला नसते.

म्हणून माझे मत असे की, आधी बेणणी करावी, मग युरिया टाकावा. आणि बेणणीला बाबांनी, काकांनी पण यावे. जेवायला बसताना सगळेच बसतात ना?

— इयत्ता चौथी