उन्हाच्या दुपारी, सावलीतला दोर

मे महिन्यात भडगावात सकाळचे दहा वाजून गेल्यावर ‘मोबाईल ठेव आणि बाहेर खेळायला जा’ असं कोणत्याही जबाबदार माणसाला मुलाला सांगता येत नाही. जळगाव जिल्ह्यात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. गिरणेच्या पात्रातली वाळू पाय पोळते, शाळेच्या पटांगणात सावलीचा तुकडा उरत नाही, गल्ल्या ओस पडतात. आया-आज्या दारं-खिडक्या लावून घेतात, कूलर असेल तर तो लागतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत लेकरं घरात कोंडली जातात. हे सात-साडेसात तास मोबाईल अलगद भरून काढतो. दरवर्षी एप्रिलअखेर ‘सुट्टीत मुलांना मैदानावर पाठवा’ असे सल्ले छापून येतात, पण ते खानदेशच्या दुपारी उपयोगाचे नाहीत. आपल्याकडे सुट्टीतल्या मोबाईलचा प्रश्न बहुतांशी उन्हाचा आणि जागेचा प्रश्न आहे, आणि त्याला आपलं असं उत्तर हवं. माझ्या मते ते उत्तर सावलीतल्या चढण्याच्या खेळात आहे. छताखाली नीट बांधलेला दोर, शिडी, लोखंडी किंवा लाकडी चौकट, खांब आणि खाली जाड गाद्या एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.

मुलांना हालचाल किती हवी, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम त्यात असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी याच संघटनेच्या अभ्यासकांनी जगभरातल्या ११ ते १७ वयोगटाची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात ८१ टक्के मुलं या तासाभराच्या मापाला पुरत नाहीत, असं दिसलं. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं, मुलांमध्ये ७८. संघटनेच्या सल्ल्यातल्या स्नायू आणि हाडांच्या मुद्द्याकडे आपलं लक्ष जात नाही. क्रिकेटमध्ये अर्धी मुलं बहुतेक वेळ उभीच असतात, सायकलने पाय दमतात पण हात, खांदे, पाठ मोकळीच राहतात. चढताना मात्र मूल स्वतःच्या शरीराचं सगळं वजन स्वतःच्या हातांनी उचलतं. पकड, खांदे, पोट, पाठ, पायांची बोटं एकाच वेळी कामाला लागतात. एवढ्या थोड्या जागेत एवढं काम करून घेणारा दुसरा खेळ मला तरी दिसत नाही. मैदानाला गुंठे लागतात, दोराला फक्त उंची लागते.

पण शरीराला चांगलं आहे म्हणून मूल मोबाईल खाली ठेवत नाही. पडद्याची ओढ जबरदस्त आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, खेळात एक पायरी जिंकली की पुढची समोर येते. चढण्यातही हीच ओढ आहे, आणि ती कोणी बाहेरून बसवलेली नाही. काल चौथ्या पायरीपर्यंत हात पोचला, आज पाचवीला पोचला, हे मुलाला कोणी सांगावं लागत नाही, शाबासकीही लागत नाही. शिवाय दोन्ही हात दोरावर असताना तिसरं काही हातात धरताच येत नाही. आणि दोर मुलाला थकवतो, म्हणून तो खेळ आपोआप थांबतो. पडद्याला असं थांबणं ठाऊक नाही. मुलांची ही ओढ किती मूळची आहे, याची एक सुंदर हकीकत आहे. चार्ल्स हिंटन नावाचे इंग्रज गणिती जपानमध्ये शिकवत असताना त्यांनी आपल्या मुलांसाठी बांबूची एक उंच चौकट उभी केली. अवकाशाच्या तीन दिशा मुलांच्या अंगात मुराव्यात आणि पुढे चौथ्या मितीची कल्पना त्यांना करता यावी, हा त्यांचा हेतू. मुलांनी गणित बाजूला ठेवलं आणि बांबूवर मनसोक्त माकडचाळे केले. त्यांतलाच एक मुलगा, सेबास्टियन, पुढे शिकागोत वकील झाला. वडिलांची ती चौकट आठवून त्याने १९२० मध्ये मुलांच्या चढण्याच्या जाळीदार सांगाड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज जगभरच्या बागांत दिसणारा ‘जंगल जिम’ तो हाच.

आपल्याला मात्र शिकागोपर्यंत जायची गरज नाही. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं पायी वणीच्या सप्तशृंगी गडावर जातात. मल्लखांबाची आख्यायिका त्याच गडाची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडच्या पहिलवानांचं आव्हान स्वीकारलेले बाळंभटदादा देवधर गडावर गेले आणि तिथे वानराच्या रूपातल्या मारुतीने लाकडी खांबावर त्यांना हे कसब दाखवलं, असं परंपरा सांगते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी खांबावरच्या या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथापर्यंत मागे नेला जातो आणि बाळंभटदादांनी तो पुन्हा उभा केला, हे सर्वमान्य आहे. पुरलेला खांब, टांगता खांब आणि दोराचा मल्लखांब अशी त्याची तीन रूपं आज ठळकपणे दिसतात. दोराच्या जागी पूर्वी वेत वापरत, वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोर आला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि वर सरकायचं, इथून सुरुवात होते. अढी, तेढी, सलाम, दसरंग हे शब्द एके काळी तालमीत वाढणाऱ्या पोरांच्या तोंडी सहज असत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी व्यायामप्रकार १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी दाखवले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरातून आयुष्यभर हा खेळ शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मला इथे स्पर्धा आणि पदकं अभिप्रेत नाहीत. ज्या खेळाची साधनं सुताराला, लोहाराला आणि दोरवाल्याला माहीत आहेत, ज्याचे शब्द मराठी आहेत, तो सुट्टीतल्या दुपारी आपल्या पोरांच्या वाट्याला का येऊ नये, एवढंच विचारायचं आहे.

पहिला आणि रास्त आक्षेप भीतीचा असेल. मूल पडलं तर? पडेल, कधी तरी नक्की पडेल. म्हणून किती उंचीवरून आणि कशावर पडेल, हे आधी ठरवायला हवं. खेळसाधनांवरच्या अपघातांच्या अभ्यासांत दीड मीटरच्या वरून पडल्यास दुखापतीची शक्यता चांगलीच वाढलेली दिसते. तेव्हा नवशिक्या आणि लहान मुलांचे पाय त्या रेषेच्या खालीच राहिले पाहिजेत. खाली फरशी नको, जाड गादी हवी, आणि कापसाच्या मुलखात गादी ही दुर्मीळ वस्तू नाही. दोर पंख्याच्या हुकाला किंवा खिडकीच्या गजाला बांधायचा नाही. तो भार पेलणाऱ्या तुळईला बांधावा किंवा ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून चार पायांची भक्कम चौकट करून घ्यावी. गळ्यात ओढणी, माळ, दोरा काही नको. दोराचा झिजलेला भाग रोज हाताने चाचपून पाहावा. हे सगळं केल्यावरही उरते ती थोडी भीती, आणि ती मुलाच्या कामाची आहे. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या अभ्यासक मुलांच्या धाडसी खेळावर काम करतात. उंचीवर चढण्याच्या खेळातून मुलं आपली भीती हळूहळू आटोक्यात आणायला शिकतात, असं त्यांचं म्हणणं आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात एकाच वर्षात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. पाच ते नऊ या वयात पडून दुखापत झालेल्यांना अठराव्या वर्षी उंचीची भीती जास्त असेल, अशी आपली अटकळ असते. १९९८ मध्ये आलेलं निरीक्षण उलटं निघालं. अठराव्या वर्षी उंचीला भिणाऱ्यांमध्येच लहानपणी तसं पडलेले कमी होते. पडल्यामुळेच भीती जाते, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण पडलेलं पोर जन्मभर भित्रं राहतं हा आपला समज मात्र यात टिकत नाही.

दुसरा आक्षेप उन्हाचाच. छत पत्र्याचं असेल तर दुपारी ती खोली भट्टी होते आणि तिथे मुलांना कसरत करायला लावणं धोक्याचं आहे. त्यासाठी जाड भिंतींची जुनी धाब्याची घरं किंवा स्लॅबच्या इमारतीचा खालचा मजला हवा. चढण्याचा खेळ स्वभावतःच तुटक असतो, हे इथे उपयोगी पडतं. एक मूल मिनिटभर दोरावर असतं, मग बाकीच्यांना पाहत, बोलत, पाणी पीत बसतं. ऐन दुपारी दोन ते चार झोप किंवा गोष्टीचं पुस्तक असलं तरी काही बिघडत नाही. आणि घरातला खेळ उजेडाची जागा घेऊ शकत नाही, हेही खरं. मुलांना लांबचा नंबर लागू नये यासाठी दिवसाच्या उघड्या उजेडात घालवलेला वेळ मदत करतो. तेव्हा सकाळी साडेसहा ते नऊ अंगणात, रानात, नदीकाठी, आणि ऊन चढलं की दोरावर, अशी वाटणी करावी लागेल.

सगळ्यांत गंभीर आक्षेप आईबापांच्या बाजूने येतो, आणि तो ऐकताना त्यांना दोष देण्याचा सूर मला मान्य नाही. ज्या घरात दोघंही मजुरीला किंवा शेतात जातात, तिथे मोबाईल हा मुलाला जागेवर बसवून ठेवणारा सगळ्यात स्वस्त राखणदार आहे. तो काढून घेतला आणि दुसरं काही दिलं नाही तर पोरं विहिरीकडे, कॅनॉलकडे, गिरणेच्या डोहाकडे जातील, आणि उन्हाळ्यात बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात नको आणि २ ते ५ वयात तासाभरापेक्षा जास्त नको, असं सांगितलं आहे. ते बरोबरच आहे, पण तो तास सोडून उरलेल्या दिवसाचं काय, हे एकट्या आईने सोडवायचं गणित नाही. म्हणून घराघरांत महागडी खेळसाधनं घ्या, असं मी म्हणणार नाही. ही सोय गल्लीची, वॉर्डाची, गावाची हवी. भडगावसारख्या तालुक्याच्या गावी नगरपरिषद आहे, गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. व्यायामशाळा बांधायला आणि त्यांत साहित्य घ्यायला राज्याच्या क्रीडा खात्याची अनुदान योजनाही आहे. त्या पैशांतून बहुधा वजनं आणि यंत्रं येतात, आणि ती मोठ्या मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या, कामाची असतात. आठ वर्षांच्या मुलीला त्या खोलीत काहीच नसतं.

आणि मुलींचा विचार आधी व्हायला हवा, कारण सुट्टीत सगळ्यांत जास्त घरात राहतात त्या. पापड-कुरडया, धाकटं भावंड, पाणी, स्वयंपाक यांतून वेळ उरला तर तोही चार भिंतींतच. मुलींनी उंच जाणं आपल्याला परकं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात झाडाझाडाला झोके बांधले जातात आणि माहेरी आलेल्या लेकी त्यांवर आभाळाकडे झेपावतात. फांदीला दोर कसा टिकतो, गाठ कशी मारायची, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोराच्या मल्लखांबावर तर मुलींनीच नाव काढलं आहे. सलवार-कुर्त्याऐवजी घट्ट पायजमा, मुलींसाठी ठरलेले दोन तास आणि देखरेखीला गावातलीच एखादी ताई किंवा मावशी, एवढी व्यवस्था केली तर बऱ्याच घरांतून होकार मिळेल.

आखाजी येते वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे सुट्टी लागता लागता. तोवर वार्षिक परीक्षा आटोपत आलेल्या असतात आणि शेवटचा पेपर झाला की वर्गांना कुलपं लागतात. ती थेट जूनच्या मध्यावर निघतात. गावातली सगळ्यात गार, सगळ्यात मोठी, पक्क्या छताची जागा ऐन गरजेच्या सहा आठवड्यांत बंद राहते. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने मार्च-एप्रिलच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा आणि कागदावर नावानिशी ठरवावं: कोणत्या खोलीत चौकट उभी राहील, गाद्या कुठून येतील, सकाळी नऊ ते बारा कोण थांबेल, त्याला किंवा तिला मानधन कोण देईल, आणि सुट्टीभर त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहील.