गू उपसणाऱ्यांचं काय झालं?

मॅड मॅक्सचा तिसरा भाग, 'बियाँड थंडरडोम', 1985 चा. त्याच्या नावानं अजून बोंब चालू आहे: मारामारी कमी, गाड्यांची पळापळ शेवटाला ढकलली, मध्येच पोरंसोरं घुसवली. जॉर्ज मिलर मवाळ झाला म्हणे!

आपलं भांडण वेगळं आहे, दोस्तहो. 1979 आणि 1981 च्या भागांत रस्ता, पेट्रोल आणि सूड. तिसऱ्यात मिलर आणि जोडीचा दिग्दर्शक जॉर्ज ओगिल्वी वाळवंटातल्या बार्टरटाउनचं झाकण उचलतात. वर बाजार, कायदा आणि राणीसारखी टीना टर्नरची आन्टी एन्टिटी. खाली डुकरांचे कळप आणि त्यांचा गू उपसणारी माणसं. त्या गुवाच्या गॅसवर वरचे दिवे जळतात. पोरांच्या पोटासाठी डुक्कर मारलं म्हणून एक जण तिथं जन्मठेप भोगतोय. बॉम्ब पडून जग बुडालं, पण खालच्यानं घाण उपसायची हा नियम काही बुडाला नाही! आपल्याला हे कळायला बॉम्ब लागत नाही. 2013 चा कायदा छापून झाला, गटारात माणूस उतरतोच आहे.

मग अस्सल क्षण येतो. खालचा बुटका मास्टर गॅस तोडतो. वर सगळं ठप्प. गाव कोण चालवतं ते आन्टीला भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं कबूल करावं लागतं. मी गोदीत गोण्या उचलतो. हात थांबले की वरचा आवाज कसा खाली येतो ते मला ठाऊक आहे. एका चावीत अख्खा संप दाखवला, शाब्बास!

आणि तिथंच मिलरचे पाय लटपटले. चावी एकट्या मास्टरची. गू उपसणाऱ्यांना विचारतो कोण? ज्याच्या खांद्यावर मास्टर बसायचा तो ब्लास्टर मारला जातो, अन् सिनेमा खड्डा सोडून हिरव्या दरीतल्या पोरांकडं पळतो. ती पोरं कॅप्टन वॉकर नावाच्या तारणहाराची वाट बघतायत. मॅक्स म्हणतो, मी तो नव्हे. झकास! पण शेवटी सिनेमा त्यालाच तारणहार करून सोडतो. मास्टर सुटतो, डुक्कर मारणारा सुटतो, पोरं विमानातून मोडक्या सिडनीला पोचतात. बाकीचे गू उपसणारे? कॅमेऱ्याला फुरसत नाही.

साचा मोडायचा तर आधी तारणहार मोडा. नुसत्या गाड्या कमी करून काय होतंय? मास्टरच्या हातातली चावी गू उपसणाऱ्यांच्या हातात गेली असती, तर तो खरा वेगळा सिनेमा झाला असता. तो मात्र कुणी काढला नाही, साला.