दारावरचा दर

डिसेंबर 2024. वागातोर. रात्रीचे साडेदहा. आम्ही पाच जण, सगळे इंजिनिअरिंगपासूनचे मित्र, एका क्लबच्या दारात उभे. बाउन्सरने आमच्यावर एक नजर फिरवली आणि म्हणाला, "स्टॅग? पाच हजार पर हेड. तीन हजार कव्हर." म्हणजे पाचातले तीन आत खाण्यापिण्यात वळते होणार, दोन दारातच गेले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फोन काढले. पाचवा म्हणाला, "तुम्ही जा रे. माझं डोकं दुखतंय. मी रूमवर पडतो."

त्याचं डोकं दुखत नव्हतं. त्याला आम्ही कॉलेजपासून मास्तर म्हणतो आणि आता तो खरंच मास्तर आहे, तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवतो. पाच हजारांसाठी त्याला किती तास फळ्यापुढे उभं राहावं लागतं, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तरी आम्ही आत गेलो.

2018 मध्ये हेच पाच जण स्वारगेटवरून बस पकडून गोव्याला गेलो होतो. खिशात फार काही नव्हतं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बिअर घेऊन बसलो, शेजारच्या शॅकमधल्या गाण्यांवर पहाटेपर्यंत नाचलो. तेव्हा कोणाचंच डोकं दुखलं नव्हतं.

हा विषय काढला की दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "गोवा सोड, त्याच पैशात थायलंड होतं." दुसरं, "परवडत नसेल तर जाऊ नका." पहिलं उत्तर म्हणजे पळवाट आहे, आणि तीही पासपोर्टवाल्यांची. दुसरं जास्त धोकादायक आहे, कारण ते ऐकायला व्यवहारी वाटतं. वस्तू चांगली, म्हणून महाग. त्यात काय एवढं? म्हणून आधी वस्तू काय आहे ते बघू.

आम्हाला त्या पाच हजारांत काय मिळालं? गोव्यात दारूवरचा कर महाराष्ट्रापेक्षा कमी, त्यामुळे बाहेरच्या दुकानात बाटली स्वस्त. आत मेन्यूकार्ड उघडलं की कव्हरचे तीन हजार दोन-तीन ग्लासांत संपतात. वीस रुपयांची पाण्याची बाटली अडीचशेला. त्यावर भांडायचीही सोय नाही, कारण हॉटेलं-रेस्टॉरंट्स बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, असा निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्येच दिला आहे. बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज. तो सक्तीने लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलूनही धरलं. पण रात्री दोन वाजता, चार बाउन्सरांच्या देखत, कोण काढायला लावतो?

आणि नाच? नाचायची जागा मधे उरली होती तेवढीच. बाकी सगळीकडे टेबलं. टेबलाचा किमान खर्च वेगळा, तो लाखाच्या घरात. टेबलवाले बसून व्हिडिओ काढत होते आणि आम्ही त्यांच्या व्हिडिओत मागे हलणारी गर्दी होतो. म्हणजे गर्दीचा सीन आम्ही पुरवला आणि त्याचे पैसेही आम्हीच भरले.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही निदान गिऱ्हाईक तरी आहात. आम्हाला फुकट सोडतात, ते का वाटतं तुला?" तिचं बरोबर आहे. मुलींना फुकट आणि मुलांना पाच हजार, हे दोन दर नाहीत, एकच धंदा आहे. बाई आत दिसावी म्हणून ती फुकट, आणि ती दिसते म्हणून पुरुषाला भाव. ह्याला कोणी स्त्रीदाक्षिण्य म्हणू नये.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या काळापासून पौर्णिमेच्या पार्ट्या व्हायच्या. त्यांना दार नव्हतं, म्हणून दारावर दरही नव्हता. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, बंदिस्त जागा वगळून. हा नियम मला मान्य आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप माझ्या नाचापेक्षा मोठी आहे. पण बंदिस्त जागा बांधायला भांडवल लागतं, आणि भांडवल आलं की ते वसुली करतं. गंमत म्हणजे झोपही वाचली नाही. हणजूण-वागातोरच्या आवाजाविरुद्ध लोकांना उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जावं लागलंच. फुकटची रात्र गेली आणि शांतताही मिळाली नाही.

निदान एवढ्या पैशात सुरक्षितता तरी? आमच्या त्या रात्रीनंतर वर्षभराने, डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात, हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागली. 25 माणसं गेली. त्यातली बहुतेक तिथे काम करणारी होती, परराज्यांतून पोटासाठी आलेली. रस्ता अरुंद म्हणून अग्निशमन दलाच्या गाड्यांना लांबच थांबावं लागलं. बातमी वाचताना मी आठवायचा प्रयत्न केला की, आम्ही गेलो त्या क्लबमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे होती. आठवेना. टेबलांचे दर मात्र आजही पाठ आहेत.

आता माझ्याबद्दल. मी पुण्यात एका कंपनीत खोल्यांचे दर ठरवणारा कोड लिहितो. मागणी वाढली की दर वाढव, गिऱ्हाईक थांबेपर्यंत वाढवत जा. त्यामुळे दर कशाने वाढतात हे मला कोणी शिकवू नये. खर्च वाढल्याने थोडे वाढतात. बाकीचे, आम्ही थांबत नाही म्हणून वाढतात. शनिवारी विमानाने मोपाला उतरायचं, बिल आलं की ॲपवर स्प्लिट टाकायचं, सोमवारी स्टँडअपला हजर. स्प्लिटमध्ये पाच समान भाग होतात. पाच पगार समान नसतात, हे त्या ॲपला कळत नाही आणि आम्ही कळू देत नाही. मास्तरसारखा एखादा डोकेदुखी सांगून निघून जातो, आणि पुढच्या वर्षी आपण त्याला विचारायचंच सोडतो.

मला क्लब बंद करायचे नाहीत. मागणी साधी आहे. दाराबाहेर फलक लावा: प्रवेश किती, कव्हर किती, आतला पाण्याचा दर किती. मुलगा-मुलगी एकच दर ठेवा. प्यायचं साधं पाणी फुकट द्या; इंग्लंडमध्ये 2010 पासून परवान्याची ती अटच आहे. आणि त्याच फलकावर अग्निशमनाचा दाखला चिकटवा, कोणत्या तारखेपर्यंत वैध ते दिसेल असा. सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपण दारात उभं राहून हेच चार प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर मिळालं नाही तर परत फिरू शकतो. पाचही जण.

मागच्या आठवड्यात मी मास्तरला फोन केला. त्या रात्रीचं बोललो. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "डोकं खरंच दुखत होतं रे." मी बरं म्हणालो. मग तो म्हणाला, "या वर्षी येतो. पण बसने जाऊ."

तिकिटं मी काढली आहेत. स्प्लिट टाकलेलं नाही.