घरांतील कुत्रें आणि घरांतील खोटें

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं चहाला बसलों असतां एका विद्वान् गृहस्थांनीं असा अभिप्राय दिला कीं, कुत्रें मेल्यावर घरांतील माणसांनीं दोन दिवस अन्न गोड न लागल्याचें सोंग करणें हा आंग्लविद्येबरोबर आलेला एक रोग आहे. गृहस्थ वयानें व मानानें मोठे, आणि चहाहि उत्तम. म्हणून आम्ही गप्प बसलों. परंतु अर्ध्या तासानें त्याच गृहस्थांनीं सहज सांगितलें कीं, त्यांच्या घरचें सहा वर्षांचें लॅब्रडोर त्यांनीं ‘शेतावर पाठविलें’, कारण नव्या घराच्या फरशीवर त्याचे केस पडत. आणि मुलें? “मुलांना सांगितलें, तिकडे तो मजेंत आहे.” हें ऐकल्यावर मात्र आपल्या गप्प बसण्याची आम्हांस लाज वाटली. हा लेख त्या लाजेंतून निघाला आहे, तेव्हां त्यांत थोडा तिखटपणा आला तर वाचकांनीं क्षमा करावी.

कुत्रें पाळावें कीं न पाळावें, हा आमचा वाद नाहीं. ज्यास नको असेल त्यानें पाळूं नये. त्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. आमचा वाद आहे तो पाळून टाकण्याविषयीं, आणि टाकल्यावर त्याविषयीं घरांत खोटें बोलण्याविषयीं.

पिल्लूं घरांत येतें कसें तें पाहा. मुलाचा वाढदिवस असतो. सायकल झाली, बॅट झाली, आतां वर्गांतल्या मित्राकडे आहे तसें कुत्रें हवें. वडील दुकानांत जातात आणि एक पिल्लूं उचलून आणतात. तें कोणत्या जातीचें असावें, हें बहुधा जाहिरात ठरविते. २००३ च्या सुमारास एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत एक पग एका मुलाच्या मागें मागें चालूं लागला, आणि पाहतां पाहतां शहरोशहरीं पग दिसूं लागले. ज्याचें नाक इतकें आंखूड कीं उन्हाळ्यांत श्वास घेणें हीच त्याची मजुरी, तो प्राणी आम्हीं एका चित्रावर भाळून घरांत आणला. मग हस्कीची पाळी आली. सैबेरियांतील चुक्ची लोकांनीं बर्फावर गाडी ओढावयास तयार केलेलें हें दुहेरी लवेचें कुत्रें नागपुरांत, भर मे महिन्यांत, पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत असतां, गच्चीवरच्या खोलींत बांधलेलें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. मालकांस तसें म्हटलें, तर उत्तर मिळालें, “कूलर लावलाय ना!” मुधोळचीं आणि कारवान जातीचीं सडपातळ कुत्रीं याच दख्खनच्या उन्हांत पिढ्यान् पिढ्या सशामागें धावलीं. २००५ सालीं मुधोळच्या कुत्र्याचें टपालाचें तिकीटहि निघालें. तिकिटावर त्याला जागा मिळाली. दिवाणखान्यांत मिळाली नाहीं. गल्लींतल्या गावठी पिल्लाचें तर नांवच काढावयास नको. तें फुकट मिळतें, एवढाच त्याचा अपराध.

पिल्लाचे डोळे उघडावयास दहा ते चौदा दिवस लागतात. त्यापुढें आईजवळ आणि भावंडांत लोळतांना तें दांतांची मर्यादा शिकतें. जोरानें चावलें कीं भावंड केकाटतें आणि खेळ मोडतो. हा त्याचा श्रीगणेशा. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आंतलें पिल्लूं विकूं नये असा नियम २०१७ सालीं झाला. परंतु गिऱ्हाइकास हातांच्या ओंजळींत मावेल असें पिल्लूं हवें असतें, आणि दुकानदार गिऱ्हाइकाचा चाकर. मग शाळा अर्धवट सोडविलेलें हें पोर घरांतल्या मुलाच्या हातास चावतें, आणि “कुत्रें वाईट निघालें” असा निवाडा होतो. पार्व्होच्या रक्तहगवणीनें कित्येक पिल्लें पहिल्या कांहीं महिन्यांतच दगावतात. तिच्याविरुद्ध सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पुन्हा पुन्हा लस टोंचावी लागते. हें दुकानदार सांगत नाहीं, आणि वडील विचारीत नाहींत. सायकलीबरोबर पंप मिळतो, तसें कांहीं तरी याच्याबरोबर मिळालें असेल अशी त्यांची समजूत असते.

पहिले तीन महिने कौतुकाचे. मग चपला कुरतडल्या जातात, सोसायटीच्या चिटणिसांचें पत्र येतें, आणि ज्या मुलानें ‘मी रोज फिरवीन’ अशी शपथ वाहिली होती त्याची दहावी येते. कुत्रें बाल्कनींत जातें, बाल्कनींतून ‘शेतावर’ जातें. या शेताचा सातबारा आम्हीं कधीं पाहिलेला नाहीं. पण महाराष्ट्रांतील निम्म्या मध्यमवर्गाची तेथें वहिवाट असावी.

प्रत्यक्षांत होतें काय? घरांत वाढलेल्या कुत्र्यास रस्ता म्हणजे परका मुलूख. तेथल्या प्रत्येक कोपऱ्यावर दुसऱ्या कुत्र्यांची टोळी असते, आणि ती नवख्याला फाडते. तें जगलेंच, तर लस चुकलेलें, भ्यालेलें, म्हणून चावरें होऊन जगतें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयीं एक हुकूम दिला व अकरा दिवसांनीं त्यांत फेरफार केला, तेव्हां घराघरांत दोन तट पडले होते. एक तट कुत्र्यांच्या बाजूचा, दुसरा मुलांच्या. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणें एकदां दिसलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. तेव्हां दुसऱ्या तटाची भीति आम्ही खोटी मानीत नाहीं. पण रस्त्यावरचीं बहुतेक कुत्रीं रस्त्यावरच जन्मलीं असलीं, तरी त्यांतल्या कित्येकांच्या गळ्याला पूर्वीं पट्टा होता, हा प्रश्न दोन्ही तटांतील कोणी काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. काढणार कोण? पट्टा सोडणारे दोन्हीकडे होते. जनावर निराधार सोडणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्यानें ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये! आमच्या विद्वान् गृहस्थांच्या घरचा एक पेला चहा याहून महाग असेल.

आतां ‘आंग्लविद्येचा रोग’ या आक्षेपाकडे वळूं. धर्मशास्त्रांत कुत्रें अशुचि मानलें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यांस आपली संस्कृति धर्मशास्त्राच्या एका पानावर संपते असें वाटतें, त्यांनीं महाभारत उघडावें. त्या ग्रंथाच्या आरंभींच जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लास यज्ञमंडपांतून मारून हांकलतात. सरमा येऊन विचारते, ‘माझ्या पोरानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं, मग मारलें कां?’ त्यांच्याजवळ उत्तर नसतें, आणि राजाच्या डोक्यावर शाप बसतो. ग्रंथाच्या शेवटाकडे पुन्हा एक कुत्रें आहे. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, युधिष्ठिरानें मागें वळून पाहिलें नाहीं. पण इंद्राचा रथ समोर उभा असतां, मागून चालत आलेलें कुत्रें सोडून त्यांत चढावयास त्यानें नकार दिला. इंद्र टोंचून म्हणतो, ‘भावांना सोडलेंस, बायकोला सोडलेंस, मग कुत्र्याचाच मोह कां?’ युधिष्ठिराचें उत्तर फार सरळ आहे. तीं मेलीं होतीं. मेलेल्यांस उठविणें माझ्या हातीं नव्हतें, म्हणून सोडलीं. जिवंत असतां सोडलीं नाहींत. आमच्या विद्वान् स्नेह्यांनीं जिवंतास सोडलें आहे, आणि मेलेल्यासाठीं रडणाऱ्यांस ते हंसतात.

‘माणसें उपाशी असतां कुत्र्यास दूध कां?’ असा दुसरा एक आक्षेप असतो. कुत्र्याच्या वाढदिवसाचे केक कापणाऱ्यांविरुद्ध तो खुशाल करावा. आम्ही त्यांत सामील होऊं. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांनीं कुत्रें हांकलल्यावर वांचलेलें दूध कोणत्या उपाशी माणसाच्या दारीं पोंचविलें, तेंहि एकदां कळावें.

खरा प्रश्न मुलांचा आहे, आणि येथें आम्हांस आरोपीच्या पिंजऱ्यांत स्वतः उभें राहणें प्राप्त आहे. २००४ सालीं आमची दुसऱ्या गांवच्या महाविद्यालयांत बदली झाली. घरीं ‘राजा’ नांवाचें चार वर्षांचें पामेरियन होतें. नव्या घरमालकांनीं कुत्र्यास मनाई केली. आम्हीं दुसरें घर शोधण्याचा आळस केला. ओळखीच्या एका गवळ्यास तें देऊन टाकलें आणि आठ वर्षांच्या मुलीस सांगितलें, “राजा आतां शेतावर राहतो. तिथें त्याला पळायला मिळतं.” तिसऱ्याच दिवशीं कुत्रें पळालें, असा गवळ्याचा निरोप आला. आम्ही शोधावयास गेलों नाहीं. मुलगी दर सुट्टींत विचारी, “बाबा, राजाला बघायला कधीं जायचं?” कधीं रस्ता वाहून गेलेला असे, कधीं गवळी परगांवीं. एकदां तर, तिचें समाधान व्हावें म्हणून, राजाला पिलें झालीं असें आम्हीं सांगितलें. तिनें त्या पिलांचीं नांवें ठेविलीं. तीं तिच्या वहींत लिहिलेलीं आम्हीं पाहिलीं, आणि वही मिटून जागेवर ठेविली.

एकोणिसाव्या वर्षीं, तिच्या आत्याच्या तोंडून, तिला खरें कळलें. ती रडली नाहीं, भांडलीहि नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “बाबा, आजीच्या आजारपणांतसुद्धां तुम्ही मला असंच कांहीं सांगत होतां का?” आम्हीं नाहीं म्हटलें, आणि तें खरें होतें, पण त्या ‘नाहीं’चा भाव त्या दिवशीं उतरलेला होता. अश्वत्थामा मेल्याचें अर्धसत्य बोलल्याबद्दल युधिष्ठिरासहि नरकाचें दर्शन घ्यावें लागलें. आणि त्याच्यापुढें तर युद्ध होतें. आमच्यापुढें भाड्याचें घर होतें.

मुलांचें मन कोंवळें, त्यांस मृत्यूची वार्ता सोसवत नाहीं, असें म्हणतात. आमच्या मतें कोंवळें मन वडिलांचें असतें. २०११ सालीं पावसांत गटाराजवळ सांपडलेली ‘मोती’ आमच्या घरीं तेरा वर्षें राहिली. गावठी, तपकिरी, एका कानानें लुळी. शेवटच्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदु आला (नांव सार्थ झालें, असें आम्ही विनोदानें म्हणत असूं), मग मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. तिला उचलून जिना उतरावयाचा, रात्रीं दोनदां फरशी पुसावयाची, भात मऊ करून भरवावयाचा. पिल्लूं आणतांना जें मोलानें घेतल्यासारखें वाटतें, त्याचा खरा हिशेब या दोन वर्षांत चुकवावा लागतो. अखेर पशुवैद्य म्हणाले कीं, आतां वेदनेशिवाय कांहीं उरलें नाहीं, इंजेक्शन देऊन सोडवावी. आमच्या पुतण्याची सहा वर्षांची मुलगी आमच्याच घरीं वाढते. तिला शेजारीं पाठवावें, असें घरांत ठरत होतें. आम्हीं नको म्हटलें.

“आजोबा, मोती मरणार आहे?”

“हो, बाळ.”

“मग परत?”

“परत नाहीं.”

ती फार रागावली. दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. डॉक्टरांवर, आमच्यावर, मोतीवरसुद्धां रागावली. तिसऱ्या दिवशीं जेवतांना तिनें विचारलें, मोतीला सुई दुखली का, तिला कळलें का, आणि आपण तिथें होतों हें तिला दिसलें का. आम्हीं एकेका प्रश्नास जमेल तसें उत्तर दिलें. डोळ्यांनीं दिसलें नसेल, पण वासानें कळलें असेल, या उत्तरावर तिनें बराच वेळ विचार केला आणि मग भात संपविला. हें सोंग असेल, तर आमच्या विद्वान् स्नेह्यांनीं तें एकदां जवळून पाहावें. तेच गृहस्थ शिबुयाच्या स्टेशनावर १९२५ पासून १९३५ पर्यंत मेलेल्या प्राध्यापकाची वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याची गोष्ट फोनवरून आम्हांस वरचेवर पाठवितात, आणि खालीं हात जोडल्याचें चित्र टाकतात. कुत्र्यानें माणसाची दहा वर्षें वाट पाहावी, हें त्यांस उदात्त वाटतें. माणसानें कुत्र्यासाठीं फरशी पुसावी, हें मात्र रोग.

शहरांत मोतीला पुरावयास जागा नव्हती. एका शेतकरी मित्रानें आपल्या बांधावरच्या करंजाखालीं जागा दिली, आणि आमचें एक कुत्रें खरोखर शेतावर गेलें. मुलीस फोनवर हें सांगितलें, तेव्हां ती क्षणभर थांबून म्हणाली, “बाबा, मला तें शेत बघायचंय.” दिवाळीच्या सुट्टींत ती आली. आम्ही दोघें बसनें गेलों, फाट्यापासून पाऊण तास चाललों. करंजाखालीं ती बराच वेळ उभी राहिली. परत येतांना वाटेंत तिनें विचारलें, “त्या गवळ्याचं नांव काय होतं?”

आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. नांव आठवेना.