दहा मिनिटांचं कार्बन प्रेम

दुकानातल्या मुलानं सायकल एका बोटावर उचलून दाखवली. अक्षरशः एका बोटावर, वरच्या नळीखाली तर्जनी घालून. ही त्यांची नेहमीची ट्रिक आहे हे माहीत असूनही मी बघतच राहिलो. फुल कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, शिमानो १०५ चे गिअर, वजन ७.८ किलो आणि किंमत २ लाख २० हजार. ‘घ्यायचं नंतर बघू सर, आधी चालवून तर बघा,’ असं म्हणून त्यानं हेल्मेट हातात दिलं.

पाषाण-सूस रस्त्यावर जाऊन-येऊन दहा मिनिटं चालवली. खोटं कशाला बोलू, भारी होती. पाय दाबला की सायकल पुढे झेपच घ्यायची. परत आलो तर दुकानाबाहेर लावलेली माझी ११ किलोची ॲल्युमिनियमची सायकल दूधवाल्याची वाटायला लागली. तोवर त्या मुलानं फोनवर हिशेब करून ठेवला होता : १८ महिने, महिना १२ हजार २०० च्या आसपास, व्याज नाही. माझं हॉस्टेलचं भाडं ७ हजार आहे.

सध्या पुण्यातल्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात हाच हिशेब चाललाय. जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. जिल्ह्यातल्या घाटांमधून ४३७ किलोमीटर, जगभरातले रायडर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाइल वर धरलेली गर्दी. आपल्याकडे सायकलच्या शर्यती नवीन नाहीत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे आजोबा लोकांनाही माहीत असतं. पण आंतरराष्ट्रीय पेलोटॉन आपल्याच रस्त्यावरून सूं करत गेला, की मनात चलबिचल होतेच. त्यात गेल्या सप्टेंबरात सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बाहेरून येणाऱ्या तयार सायकलींवरचं शुल्क मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झालं होतं. त्यामुळे ‘स्वस्त झाली’ हे दुकानदाराचं वाक्य कुठल्या सायकलीबद्दल आहे, ते नीट विचारून घ्यायचं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी वेगळा हिशेब केला. माझं वजन ६८, सायकल ११, पाण्याची बाटली १. झाले ८० किलो. नवी सायकल घेतली तर साधारण ७७. म्हणजे चार टक्क्यांच्या आत-बाहेर बचत. सिंहगड चढायला मला तासभर लागतो, तो फार तर सव्वादोन मिनिटांनी लवकर चढेन. सपाट रस्त्यावर तर तेवढंही नाही. ताशी ३० च्या वेगाला तुमची तीन चतुर्थांशाच्या आसपास ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेला अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर, सायकल नाही. कोपरं वाकवून थोडं खाली झुकायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गंमत. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. म्हणजे दुकानातली ती सायकल आणि टूर द फ्रान्समधली सायकल यांच्या वजनात फरक किती, तर साधारण एका भरलेल्या बाटलीचा. त्यांच्यात आणि माझ्यात बाकी जे अंतर आहे, ते ईएमआयवर मिळत नाही.

मग दहा मिनिटांत मला एवढं भारी का वाटलं? एक कारण टायरमधली हवा. ती दगडासारखी टणक भरली होती. टणक टायरवर हँडलमधून बारीक कंप हाताला येत राहतो आणि तो कंप मेंदूला वेगासारखा वाटतो. खडबडीत रस्त्यावर खरं तर उलटं घडतं. थोडा रुंद टायर आणि कमी हवा असली, तर उसळण्यात ताकद वाया जात नाही. म्हणून तर प्रो रायडरही २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्यापुढे गेले. आणि माझी टेस्ट राइड झाली ती डांबर ताजं असलेल्या तुकड्यावर. कॉलेजला जाताना लागणारे खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि ड्रेनेजची वर आलेली झाकणं त्यात कुठेच नव्हती.

दुसरी गोष्ट मला घरी आल्यावर सुचली आणि स्वतःचाच राग आला. मला लागते ५६ साइझ. दुकानात ती नव्हती, म्हणून त्यानं ५४ दिली. ‘सीट वर घेतो सर, ॲडजस्ट होऊन जाईल.’ दहा मिनिटांत सगळंच ॲडजस्ट होतं. चौथ्या तासाला कंबर आणि मान काय म्हणतात, ते कळायला तेवढा वेळ सीटवर बसावं लागतं. रेसिंग फ्रेम मुळातच तुम्हाला लांब आणि खाली ओढते, त्यात साइझ चुकली तर संपलंच.

कार्बनला नावं ठेवायची नाहीत. वस्तू कमालीची आहे. धाग्यांचे थर कुठल्या दिशेनं लावायचे हे ठरवता येतं, त्यामुळे एकच फ्रेम पेडलपाशी घट्ट आणि सीटखाली थोडी लवचीक करता येते. धातूत हे इतकं सहज जमत नाही. पण ॲल्युमिनियमला पोचा पडला तर दिसतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग शाबूत राहतो. म्हणूनच सेकंडहँडची मला जास्त काळजी वाटते. ज्यांनी हौसेनं नवी घेतली, त्यांच्या जुन्या सायकली आता आपल्यासारख्या विद्यार्थ्यांकडे ७०-८० हजारांत येणार. ‘एकदाही पडली नाही’ हे सगळेच सांगतात. नाणं हळूच आपटत नळीवरून न्यायचं. टणटणीत आवाज कुठे अचानक बोदा आला, तर तिथूनच परत फिरायचं. आवाज नीट आला म्हणजे सायकल पास, असंही नाही. पुढचा फोर्क काढून आतून बघू देत नसतील, तर किंमत कितीही पाडली तरी नको. घाट उतरताना वेग ५०-६० वर जातो आणि तेव्हा फोर्क तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

दोन दिवसांनी परत दुकानात गेलो. म्हटलं, ५६ साइझ मागवा, टायरमधली हवा मी सांगतो तेवढी ठेवा आणि या वेळी तासभर चालवणार, चांदणी चौकापलीकडे, रस्ता मी निवडणार. त्याचा चेहरा पडला. ‘मालकांना विचारून सांगतो.’

अजून त्याचा फोन आलेला नाही. ‘ऑफर फक्त रविवारपर्यंत’ असे मेसेज मात्र तीन आले. दरम्यान मी ९०० रुपये मोजून जुन्या सायकलची चेन बदलली, टायरमधली हवा कमी केली आणि शनिवारी सिंहगडला गेलो. ५८ मिनिटं. आता ती दोन मिनिटं हवेमुळे वाचली, चेनमुळे की नुसत्या रागामुळे, ते पुढच्या शनिवारी बघू.